ऊन आणि आडनाव

मे महिना लागला की पोराचा पुण्याहून फोन येतो. "बाबा, तुम्ही अन् आई इकडं या. कायमचे या. घर भाड्यानं द्या, नाहीतर विकून टाका. त्या भट्टीत काय ठेवलंय?"

मी दरवर्षी म्हणतो, "पाहू."

हे 'पाहू' दहा-बारा वर्षं चाललं. मग २०२४ च्या मे महिन्यात पोराची माय स्वयंपाकघरात पडली आणि माझं 'पाहू' तोंडातल्या तोंडात राहिलं. ते पुढं सांगतो.

माणसानं कुठं राहावं हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो. एका पारड्यात हवापाणी टाका, दुसऱ्या पारड्यात बाकीचं जगणं टाका. जड पडेल तिकडं चालते व्हा. ज्यांच्या हातात तराजू आहे त्यांना हे जमतं. आपल्या हातात तराजू कधी आला? आमच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्यांत तीनदा आला. तिन्ही वेळा गार हवा एकीकडं आणि माणूसपण दुसरीकडं. दोन्ही एका जागी मिळालं नाही. का मिळालं नाही, ते तुमच्यापुढं मांडावं म्हणून हा कागद काळा करतोय.

पहिल्यांदा हा प्रश्न आजाला पडला.

आजाचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. तळ्यांचा मुलूख. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, पाळीवर आंब्याची, मोहाची झाडं. भर उन्हाळ्यात तळ्यावरून गार वारा यायचा म्हणे. म्हातारपणी आजा आमच्या टिनाच्या खोलीत घामानं निथळत बसायचा अन् त्या वाऱ्याच्या गोष्टी सांगायचा. मी विचारायचो, "मग इथं काहून आला आबा?"

आजा म्हणायचा, "वारा कोनाच्या बापाचा नोहता रे. पन झाडाले मालक होता."

आमराईत टेकलं की मालगुजाराचा माणूस हाकलायचा. विहिरीवर कोणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, नाहीतर तहान मारून बसायचं. ढोर मेलं की मात्र टळटळीत दुपारी हाक यायची. तेव्हा कोणी म्हणत नसे की ऊन उतरू द्या.

नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मग आणखी गिरण्या आल्या. विदर्भातले आपले लोक पिढ्यान्पिढ्या जाडंभरडं कापड विणत आले होते, त्यामुळे हात तयार होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, तुमच्या तोंडानं आमचा धोटा बाटतो, असं सवर्ण कामगार म्हणत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. नागपुरात आपल्या माणसाला माग मिळाला. आजाला मिळाला. त्यासाठी त्यानं तळ्यावरचा वारा सोडला आणि टिनाखाली येऊन राहिला. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत, खिडक्या बंद ठेवत. बाहेर झळा, आत वाफ. तरी आजा परत गेला नाही. मयतीलासुद्धा रात्री गेला अन् सकाळी आला.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावलं. आजाला अक्षर येत नव्हतं. ते भाषण त्यानं वाचलं नाही. पण बाबासाहेबांनी जे सांगितलं ते त्यानं आधीच पायांनी करून टाकलं होतं.

माझं बालपण उत्तर नागपुरातल्या वस्तीत गेलं. उन्हाळा म्हणजे काय ते नागपूरच्या पोराला सांगावं लागत नाही. पण बाहेरगावी हा अंक जातो म्हणून सांगतो. नागपूर देशाच्या मध्यावर. झिरो माईलचा दगड इथंच. समुद्र दोन्हीकडून शेकडो मैल लांब, त्याचा वारा इथवर पोचत नाही. मार्चनंतर वायव्येकडून कोरडा, तापलेला वारा येतो. आभाळात ढगाचं बोट नाही. मेच्या शेवटी नवतपा लागतो, नऊ दिवस जमीन तव्यासारखी. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पोटात कैरीचं पन्हं. असा बंदोबस्त करून माणूस घराबाहेर पडतो.

त्या वेळी वस्तीत कूलर कोणाकडं नव्हता. दुपारी बाया ओलं पोतं दाराला लावत. टिनावर पराट्या पसरत, वर पाणी मारत, पाणी असलं तर. संध्याकाळी अंगणात सडा टाकला की मातीचा वास उठायचा. रात्री अख्खी गल्ली बाहेर. खाटा, चटया, म्हाताऱ्या, लेकरं. कोणीतरी पेटी काढायचा, कोणी खंजिरी. भीमगीतं सुरू. गाणं थांबलं की वाद सुरू. रिपब्लिकन पक्षात किती गट, कोण कोणाला विकला गेला. पहाटे गार झुळूक यायची तेव्हा झोप लागायची. मी बाबासाहेब पुस्तकात नंतर वाचले. आधी त्या खाटेवर ऐकले. उन्हानं आम्हाला घराबाहेर काढलं होतं, आणि घराबाहेर आल्यावर आम्ही एकमेकांचे झालो होतो.

हे मी गोड करून सांगत नाही. त्याच गल्लीत दर उन्हाळ्यात एखादं म्हातारं, एखादं तान्हं लेकरू जायचं. ऊन लागलं, एवढंच म्हणत. कुठं नोंद नाही, कुठं पंचनामा नाही.

दुसऱ्यांदा प्रश्न मला पडला. १९८३ साली. मला पुण्याला एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली.

खरं सांगतो, पुण्याच्या हवेनं मी वेडा झालो. पुणं नागपूरपेक्षा उंचावर, घाटाच्या पलीकडून संध्याकाळी वारा येतो. एप्रिलात मी सदरा घालून दुपारी रस्त्यानं चाललो अन् मेलो नाही! मायला पत्र लिहिलं, "इथं दुपारी माणसं फिरतात." मायनं शेजारच्या पोराकडून उत्तर लिहून पाठवलं, "जपून फिर."

खोली शोधायला निघालो. पेठेतला वाडा. मालकीणबाई सभ्य. पाणी दिलं. मग, "आडनाव?"

सांगितलं. आमची विदर्भातली आडनावं पुण्याला कळत नाहीत. बाई गोंधळल्या. "म्हणजे कोण?" मी म्हटलं, "नागपूरकडचे." "ते झालं हो. पण म्हणजे कोण? कुलदैवत कोणतं तुमचं?"

मी चोवीस वर्षांचा. हातात ट्रंक. तीन दिवस स्टेशनजवळच्या लॉजमध्ये पैसे जाळले होते. मी म्हटलं, "आमच्याकडं देवाचं फारसं नाही." खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. बाईंना वाटलं, शिकलेला मुलगा आहे, नास्तिक असेल. खोली मिळाली. खिडकीत बुचाचं झाड. रात्री फुलं पडायची, खोलीभर वास. एवढी सुंदर खोली मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

तीन महिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवला. मित्रांनो, हे लिहिताना हात अडतो. दिवसा कचेरीत, संध्याकाळी गार वारा, रात्री बुचाचा वास, आणि ट्रंकेत उपडा ठेवलेला बाप. चौथ्या महिन्यात मला ते सहन होईना. खिळा ठोकला अन् फोटो लावला.

गणपतीत बाई प्रसाद घेऊन वर आल्या. दारात उभ्या राहिल्या. भिंतीकडं पाहिलं. प्रसादाची वाटी खिडकीत ठेवली, माझ्या हातात दिली नाही. महिनाअखेर म्हणाल्या, "आमचा भाचा येतोय शिकायला. खोली लागेल." आवाज चढला नाही. शिवी नाही. वाटी मात्र परत मागितली नाही.

बाहेर पाऊस बुरबुरत होता. ट्रंक घेऊन मी एका बागेत बाकावर बसलो. हवा काय सुंदर होती, काय सांगू! आणि तेव्हा मला बडोदा आठवलं.

तुम्हाला ठाऊक आहे ते. १९१७ साल. अमेरिका-लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. हॉटेलात जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली. दोन मित्रांकडं विचारून पाहिलं, दोघांनी आपापली अडचण सांगितली. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले, रात्रीच्या गाडीची वाट पाहत, आणि मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वाचताना माझ्या डोक्यात काठ्या असायच्या, धर्मशाळा असायची. त्या दिवशी बाकावर पहिल्यांदा डोक्यात बाग आली. संस्थानची बाग. झाडं होती, सावली होती. घर नव्हतं.

आणि नागपूरला माझ्या मायकडं घर होतं. सावली नव्हती.

पुण्यावर मी एकतर्फी शिक्का मारत नाही. १८४८ साली जोतीराव-सावित्रीमाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ते पुण्यातच. १८६८ साली जोतीरावांनी घरातला हौद आपल्या लोकांना खुला केला तोही पुण्यातच. वाडा सुटल्यावर मला ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या एका घरानं सामावून घेतलं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, सातवा मी. भाकरी दिली, आडनाव विचारलं नाही. पण तिथं गेल्यावर कळलं की पुण्याची ती प्रसिद्ध हवा वस्तीत येत नाही. नाल्याचा वास येतो, डास येतात. पुढं २७ सप्टेंबर २०१८ ला मुठेचा कालवा फुटला, तेव्हा पाणी कोणाच्या घरात शिरलं? दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या. चांगल्या हवेच्या शहरातसुद्धा हवेची वाटणी ठरलेली असते.

१९८५ च्या मे महिन्यात बदली मागून परत आलो. सोबतचे म्हणाले, वेडा आहेस, मे महिन्यात कोणी नागपूर मागतं? स्टेशनावर उतरलो तर तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. रिक्षावाल्यानं माझ्या सदऱ्यावरचा निळा बिल्ला पाहिला. "जयभीम भाऊ. कुठं, इंदोरा?" बस, एवढंच. मी रिक्षात बसून रडलो. घाम होता म्हणून कोणाला कळलं नाही.

या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं. नागपूरच का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं. नाग लोकांची भूमी, ज्यांनी बुद्धाचा धम्म पसरवला ते लोक. माझी माय त्या गर्दीत होती, पांढरं लुगडं नेसून, माझा मोठा भाऊ कडेवर. त्या दिवसापासून या शहराच्या एका भागात तरी मान वर करून चालता येतं. १४ एप्रिलला इथं डांबर वितळायच्या बेतात असतं, तरी मध्यरात्री संविधान चौकात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मी ठरवलं, ऊन परवडलं. आणि पुढची चाळीस वर्षं हेच मी भाषणात सांगत आलो. पोरं टाळ्या वाजवत.

आता पोराच्या मायबद्दल सांगतो.

२०२४ च्या मेचा शेवटचा आठवडा. नवतपा. दुपारी अडीचला मी पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून एका कार्यक्रमाची पत्रिका लिहीत होतो. आतून भांडं पडल्याचा आवाज. गेलो तर ती जमिनीवर. अंग तापलेलं, कोरडं, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे, पण मला ओळखेना. आपल्या मेलेल्या मायला हाका मारत होती. "माय वं, पानी आन न वं." लहान पोरीसारखी.

घाम येणं थांबलं आणि माणूस बरळायला लागला की ऊन डोक्यात गेलं समजा. तिथं वेळ घालवायचा नाही. वस्तीतल्या पोरांनी लुगड्यावर माठ उपडा केला, काखेत बर्फ ठेवला, ऑटोत ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती परत आली. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, वय आहे, अर्धा तास उशीर झाला असता तर बोलणं कठीण होतं. आणि विचारलं, "स्वयंपाकघराला वर काय आहे?"

टिन.

मित्रांनो, १९९६ साली मी घर बांधलं. पुढच्या खोलीवर स्लॅब टाकला, कारण तिथं बैठका व्हायच्या, पाहुणे यायचे. कूलर तिथंच लावला. पैसे संपले म्हणून स्वयंपाकघरावर टिन राहिलं. पुढं पैसे आले. टिन राहिलंच. अठ्ठावीस वर्षं मी त्या पुढच्या खोलीत समतेवर बोललो, आणि चहा टिनाखालून येत राहिला. मालगुजाराच्या आमराईची गोष्ट मी शंभरदा सांगितली. माझ्या घरातल्या सावलीचा मालक कोण, हे मला तिनं पडून दाखवावं लागलं.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती, नागपुरात ५६ अंश! रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं ३० मे ला तसा आकडा दाखवला होता. मग हवामान खात्यानं खुलासा केला, यंत्र बिघडलं होतं. खरंच बिघडलं होतं. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं, ५६ कुठून येणार! पण दवाखान्यात बाजूच्या खाटेजवळ बसलेली म्हातारी बातमी ऐकून म्हणाली, "आमच्या टिनाखाली येऊन मोजा म्हना."

तिचं बरोबर आहे. सरकारी तापमान कसं मोजतात? उघड्या मैदानात, जमिनीपासून चारेक फूट उंच, पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी असते. ऊन आत जात नाही, हवा खेळती राहते. त्या पेटीत तापमापक. म्हणजे पेपरात जो आकडा छापून येतो तो सावलीतला असतो. शास्त्राला तसाच मोजावा लागतो, त्यात कोणाचं कपट नाही. पण पाहा ना, तापमापकाला मिळते तेवढी सावली आपल्या बायांना मिळत नाही! टिनाखाली, भट्टीवर, रस्त्याच्या खडीवर, कचऱ्याच्या गाडीवर जो उन्हाळा आहे तो कुठल्याच आकड्यात नाही.

आणि हे आजचं नाही. हवा पाहून जागा निवडायचा हक्क कोणाचा होता ते इतिहासात पाहा. नागपूर मध्य प्रांताची राजधानी. उन्हाळा आला की इंग्रज साहेबाचा कारभार पचमढीच्या डोंगरावर जायचा. पंखा ओढणारे, पालख्या वाहणारे, डाकेचे हरकारे आपलेच गोरगरीब. इंग्रज गेला. १९५३ साली नागपूर करार झाला, १९६० साली महाराष्ट्र झाला, नागपूर उपराजधानी झालं. मुंबईचं सरकार इथं कधी येतं? बहुतेक दरवर्षी डिसेंबरात. हिवाळी अधिवेशनाला. संत्री, हुरडा, गुलाबी थंडी. नवतप्यात विधानसभा नागपूरला भरवा, आठ दिवसांत टिनाच्या छपरावर कायदा होतो की नाही पाहा!

शहरात तरी वेगळं काय आहे? सिव्हिल लाइन्सला जा. इंग्रजांच्या वेळची झाडं, रुंद आवारं, दुपारीसुद्धा सावलीतून चालता येतं. मग आमच्याकडं या. भिंतीला भिंत, सिमेंटची गल्ली, दिवसभर तापते अन् रात्रभर ओकते. पूर्वीसारखं बाहेर झोपावं तर गल्लीत मोटारसायकली. कूलर आले खरे, पण कूलर पाणी पितो. नळ तासभर येतो. आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर नुसताच घरघरतो, कारण पाणी उडून गेलं तरच तो गार करतो. एम्प्रेस मिलच्या जागेवर गार हवेचा मॉल उभा राहिला. जिथं आजा वाफेत मेला तिथं!

नागपूरसाठी २०१६ साली उष्माघाताचा कृती आराखडा झाला. पाणपोया, दवाखान्यात थंड खोली, दुपारी बगीचे उघडे. चांगलं आहे. पण बगीचा वस्तीपासून किती लांब, हे भर दुपारी चालून पाहावं.

आता तिसरा प्रश्न. पोराचा.

माय दवाखान्यात असताना तो पुण्याहून धावत आला. रात्री बाकावर बसलो असता मी सवयीनं बोलायला लागलो, ही आपली भूमी, इथं आपली माणसं... तो म्हणाला, "बाबा, तुमची माणसं तिला मारणार आहेत का? अस्मितेनं घर गार होत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "आणि तुझ्या दारावरची पाटी?"

त्याच्या फ्लॅटच्या दारावर पितळी पाटी आहे. त्याचं नाव, सुनेचं नाव. आडनाव नाही. मी गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं, बोललो नव्हतो. त्याला भाड्यानं घर शोधताना कोणी जात विचारली नाही. "व्हेज की नॉनव्हेज," एवढंच विचारलं. आडनाव सांगितल्यावर दोनदा घर "आत्ताच गेलं". म्हणून त्यानं कर्ज काढून विकत घेतलं. आणि विकत घेतलेल्या घरावर अर्धंच नाव लावलं.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज लढू शकता. तुमच्यामागं वस्ती आहे. मी तिथं एकटा आहे. मला रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये लढायचं नाही. मला झोपायचंय."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्या पाटीवर आडनाव नाही. माझा बाबासाहेबांचा फोटो तीन महिने ट्रंकेत होता. कोणत्या तोंडानं बोलू?

मित्रांनो, आपल्यातले पुष्कळ जण आता पुण्याला, मुंबईला, बंगलोरला, सातासमुद्रापार गेले. त्यांना पळपुटे म्हणायची आपल्याकडं फॅशन आहे. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. आजाही गाव सोडून पळालाच होता. पण इथं राहणाऱ्यांनाही कोणी भट्टीतले किडे म्हणू नये. जो गेला त्यानं सावलीसाठी आडनाव झाकलं. जो राहिला त्यानं आडनावासाठी बायको टिनाखाली ठेवली. दोघांनाही अर्धंच मिळालं. हा हवामानाचा प्रश्न म्हणून आपल्याला शिकवला जातो. ऊन निसर्गाचं आहे, कबूल. सावली माणसांनी वाटलेली आहे. गावात वाटली, देशात वाटली, शहरात वाटली, आणि आपण घरातसुद्धा तीच वाटणी केली. म्हणून 'कुठं राहू' याच्याइतकंच 'जिथं आहोत तिथली सावली कोणाची' हे विचारा.

ते विचारताना आपल्या गळ्याशीही यावं लागेल. आमच्या विहाराच्या आवारात पिंपळ उगवला होता. ज्या झाडाखाली तथागताला बोधी मिळाली तेच झाड. मुळं भिंत फोडतील म्हणून आमच्याच कमिटीनं उपटला अन् तिथं फरशी बसवली. मी त्या कमिटीत होतो. ठरावावर माझी सही आहे.

त्या हिवाळ्यात मी फंडाचे पैसे काढून स्वयंपाकघरावर स्लॅब टाकला. आणि मागच्या मार्चमध्ये वस्तीतली आठ-दहा पोरं जमली. चुना कालवला, त्यात डिंक घातला, चाळीसेक घरांच्या टिनावर पांढरे हात मारले. पांढरं छप्पर ऊन परतवतं. दुपारी खालून टिनाला तळहात लावून पाहा, फरक कळतो. पावसात धुऊन जातं, दरवर्षी मारावं लागतं. विहार दुपारी बारा ते पाच उघडा ठेवला. दोन कूलर, चार माठ, मीठ-साखरेचं पाणी. पहिल्या दिवशी दोनच म्हाताऱ्या आल्या. आठवड्यानं बसायला जागा नव्हती. एकीनं ढोलकी आणली. मला माझी गल्ली आठवली.

हे ठिगळ आहे, ठाऊक आहे. टिन जाऊन पक्कं छप्पर हवं. गल्लीत झाड हवं, नळाला पाणी हवं, उन्हात राबणाऱ्याला दुपारची सुट्टी पगारासकट हवी. त्यासाठी महानगरपालिकेवर मोर्चा न्यावा लागेल आणि तो मे महिन्यात न्यावा लागेल, दुपारी. साहेबांनी खाली यावं, निवेदन उन्हात उभं राहून घ्यावं.

पोराच्या मायचं काय ठरलं? परवा पोराचा फोन आला. मी 'पाहू' म्हणायच्या आत तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"येतो ना बाबू. एप्रिल-मे, दोन महिने येतो. डाक्टरबी म्हनते. तुह्या बापाले राहू दे इथं, चुना मारन तो. पन मी आली का दाराच्या पाटीवर पुरं नाव पाह्यजे. मले अर्ध्या नावाच्या घरात झोप येत नाई."

तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "पाहू."

माझाच शब्द. मला हसू आलं. पण तिनं फोन ठेवला अन् पिशवी भरायला घेतली नाही. अजून घेतली नाही.

२० मार्चला चवदार तळ्याचा दिवस. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्यावरचा हक्क सांगितला. आपण सावलीवरचा सांगू. सकाळी सहाला विहारासमोर या, ऊन चढायच्या आत काम आटपायचं आहे. चुना आणलाय. बादली आणि कुंचा ज्याचा त्यानं आणावा. पिंपळाचं रोपही आणलंय. फरशी फोडायला पहार लागेल, ती कोणाकडं असेल तर घेऊन या.

जयभीम.